सोयाबीनच्या वड्या: मटणासारखा रस्सा का होत नाही, आणि ५२ ग्रॅम प्रथिनं खरंच मिळतात का?

श्रावण लागला की शिरूर-दौंडकडच्या अनेक घरांत मटण-चिकन बंद होतं. पण बाजरीच्या भाकरीसोबत झणझणीत रस्सा खायची सवय महिनाभर थोडीच सुटते? मग किराणा दुकानातून सोयाबीनच्या वड्यांचं पाकीट येतं. दौंडमध्ये राज्य राखीव पोलीस दलाचे गट आहेत आणि पहाटे पळायला जाणारी, भरतीची तयारी करणारी मुलं या भागात कमी नाहीत. ज्यांना रोज अंडी-चिकन परवडत नाही, त्यांचाही आधार हेच पाकीट.

घरोघरी तक्रार मात्र सारखीच असते. वडी रबरासारखी लागते, तिला वास येतो आणि रस्सा मटणासारखा होत नाही.

वडी बनते कशी?

सोयाबीनच्या दाण्यात साधारण ४० टक्के प्रथिनं आणि २० टक्क्यांच्या आसपास तेल असतं. कारखान्यात आधी तेल काढून घेतात. उरलेल्या भागाचं पीठ पाण्यासोबत यंत्रात जास्त उष्णता आणि दाबाखाली ढकलतात. यंत्रातून बाहेर पडताच दाब एकदम कमी होतो, आतल्या पाण्याची वाफ होते आणि पीठ फुगतं. म्हणून वडी आतून जाळीदार आणि तंतूंची असते. हे तंत्र १९६० च्या दशकात अमेरिकेत पुढे आलं. भारतात सोयाबीनची लागवड वाढवण्याचं काम पंतनगर आणि जबलपूरच्या कृषी विद्यापीठांनी इलिनॉय विद्यापीठाच्या मदतीने सुरू केलं, तेही त्याच दशकात. आज आपल्याकडे लातूरची बाजारपेठ सोयाबीनसाठी ओळखली जाते.

मग चूक कुठे होते?

वडीतलं तेल आधीच काढलेलं असतं, हे आपण विसरतो. मटण शिजताना त्याची चरबी आणि अर्क रश्शात उतरतो. वडीचं उलटं आहे. तिच्याकडे द्यायला काही नसतं, ती रश्शातलं पाणी, मीठ, तेल सगळं शोषून घेते. त्यामुळे कोरड्या वड्या थेट रश्शात टाकल्या तर रस्सा आटतो आणि वडी आतून फिकीच राहते.

आधी मिठाच्या उकळत्या पाण्यात वड्या पाच-सात मिनिटं शिजवा. ते पाणी फेकून द्या, वाचवायच्या मोहात पडू नका. कडधान्यासारखा कच्चट वास आणि पोटात गॅस करणाऱ्या काही शर्करा त्या पाण्यात उतरलेल्या असतात. मग थंड पाण्यात घालून दोन्ही तळव्यांत दाबून पिळा. पुन्हा पाण्यात घाला, पुन्हा पिळा. पाणी स्वच्छ येईपर्यंत, म्हणजे दोन-तीन वेळा. बरेच जण कंटाळा करतात तो इथेच.

पिळलेली वडी आता स्पंजासारखी रिकामी झालेली असते. तिला आलं-लसूण, हळद, तिखट, मीठ आणि दोन चमचे दही चोळून वीस मिनिटं ठेवा, मग तेलात कडा लालसर होईपर्यंत परता. कांदा आणि सुकं खोबरं भाजून केलेलं वाटण, काळा मसाला आणि तेल नेहमीसारखंच, पण रस्सा नेहमीपेक्षा पातळ ठेवा. वडी घातल्यावर आठ-दहा मिनिटांची उकळी पुरे. कुकरच्या शिट्ट्या दिल्या तर तिचा लगदा होतो. कांदा-लसूण न खाणाऱ्या घरात खोबरं, तीळ आणि आल्यावर भागतं, मात्र मटणाची आठवण येईल अशी अपेक्षा ठेवू नका.

बारीक दाणेदार सोयाचा खिमा त्या मानाने सोपा असतो. आणि हो, गाड्यावर मिळणारी सोया चाप म्हणजे वडी नव्हे. तिच्यात मैदाही असतो.

पाकिटावरचे ५२ ग्रॅम

हा आकडा खोटा नाही, पण तो १०० ग्रॅम कोरड्या वड्यांचा आहे. शिजून वजन साधारण तिप्पट होतं, म्हणजे १०० ग्रॅम शिजलेल्या वडीत सतरा-अठरा ग्रॅमच प्रथिनं उरतात. २०० ग्रॅमचं पाकीट पाच जणांत वाटलं तर प्रत्येकाच्या वाट्याला जवळपास २१ ग्रॅम येतात, साडेतीन अंड्यांएवढी. रोजच्या भाजीसाठी हे चांगलंच आहे. मात्र भरतीचा मुलगा वाटीभर शिजलेली भाजी खाऊन ‘पन्नास ग्रॅम झाले’ असं धरत असेल, तर त्याचा हिशोब चुकतोय.

वडीत बी-१२ जीवनसत्त्व नसतं आणि तिच्यातलं लोह मटणातल्या लोहासारखं सहज शोषलं जात नाही. घरात दूध-दही असेल तर बी-१२ ची बाजू काहीशी सांभाळली जाते. लोहासाठी ताटात लिंबाची फोड ठेवा.

सोया खाल्ल्याने पुरुषांचं टेस्टोस्टेरॉन घटतं, ही जिममधली चर्चा आजवरच्या अभ्यासांत टिकलेली नाही. थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनी मात्र गोळी आणि सोयाबीन यांत काही तासांचं अंतर ठेवावं, कारण सोयामुळे गोळी नीट शोषली जात नाही. किती अंतर, ते आपल्या डॉक्टरांना विचारा. लहान मुलाला पहिल्यांदा देताना थोडीच द्या आणि अंगावर पुरळ किंवा सूज येते का ते पाहा. काही जणांना सोयाची ॲलर्जी असते.