आभाळ आणि चेहरे

लढाऊ विमानांचे चित्र म्हणजे ज्वाळा आणि पराक्रम, अशी माझी समजूत होती. पॉल नॅशच्या १९४१ मधल्या ‘बॅटल ऑफ ब्रिटन’ने ती मोडली. खाली वळणावळणाची नदी, वर आभाळभर वाफेच्या पांढऱ्या रेघा; चेहरा एकही नाही. १९४० च्या त्या लढाईत ब्रिटनच्या बाजूने सुमारे तीन हजार हवाई सैनिक उडाले. ५४४ मारले गेले. त्यांच्यातल्या अनेक वैमानिकांचे चेहरे कथबर्ट ऑर्डने कोळशाने रेखाटले. तो स्वतः पहिल्या महायुद्धातला वैमानिक.

नॅशनेच ‘टोटेस मेर’, म्हणजे ‘मृत समुद्र’, या चित्रात मोडक्या जर्मन विमानांच्या ढिगाला चांदण्यातल्या लाटांचे रूप दिले. मी तिथेच थबकतो. त्या विमानांतही कुणाची तरी मुले होती. विजयस्तंभावर त्यांना जागा नसते, चित्रात मिळते.