सावडीचे जाळे

संगणकांच्या जाळ्याचा इतिहास आपल्याकडे बहुधा घेणाऱ्याच्या बाजूने सांगितला जातो. जोडणी केव्हा आली, वेग किती मिळाला, दर कितीने उतरले, एवढ्यावर तो संपतो. देणारा कोण होता, ही चौकशी त्यात क्वचितच असते. आम्ही मराठीचे अध्यापक, यंत्रविद्या आमचा प्रांत नव्हे. तरीही ज्या जाळ्यात प्रत्येक संगणक घेतो आणि देतोही, त्या ‘पीअर-टू-पीअर’ रचनेचा इतिहास आम्हांला याच चौकशीसाठी मोलाचा वाटतो. सोयीसाठी तिला आपण समानांचे जाळे म्हणू.

मुंबईपुरते पाहिले तर आरंभ समानतेचाच होता. १९८६-८७ च्या सुमारास जुहूचे नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी आणि पवईचे आयआयटी यांच्यात टेलिफोनच्या तारेवरून पत्रव्यवहार सुरू झाला. अर्नेट या शैक्षणिक जाळ्याची ती पहिली पावले. जुहूच्या संस्थेतले श्रीनिवासन रमणी हे त्यामागचे एक प्रमुख नाव. आरंभीची पद्धत यूयूसीपी नावाची होती. एक यंत्र दुसऱ्याला फोन लावी, आपल्याकडची पत्रे त्याच्या हवाली करी, त्याच्याकडची घेई आणि फोन ठेवी. पत्र तिसऱ्याचे असेल तर ते सांभाळून ठेवायचे आणि पुढची जोडणी झाली की सोपवायचे. पत्ता लिहायचा तो वाटेतल्या सगळ्या यंत्रांची नावे क्रमाने, मध्ये उद्गारचिन्ह घालून. जगभर असे फोन बहुधा रात्री लावले जात, कारण रात्री दर कमी असत. १९८९ मध्ये जुहूहून अमेरिकेतील व्हर्जिनियापर्यंत सेकंदाला ९.६ किलोबिट वाहून नेणारी स्वतंत्र तार मिळाली. तो वेग आज हास्यास्पद वाटेल. पण त्या जाळ्यात सामील झालेल्या प्रत्येक यंत्राच्या माथी दुसऱ्याचे ओझे वाहण्याची जबाबदारी होती, हे विसरता कामा नये.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने इंटरनेट सर्वसामान्यांना खुले केले आणि ‘ग्राहक’ नावाचा प्राणी जन्माला आला. त्याला मिळे तो तात्पुरता पत्ता. फोन ठेवला की पत्ताही गेला. ज्याला कायमचा पत्ता नाही त्याच्याकडे काही मागायला कोण येणार?

या ग्राहकाला पुन्हा देणारा करण्याचा गाजलेला प्रयत्न १९९९ मधल्या नॅपस्टरचा. गाणी लोकांच्या संगणकांवर, त्यांची सूची मात्र कंपनीच्या संगणकावर. न्यायालयाने सूचीवर बोट ठेवले आणि जुलै २००१ मध्ये सेवा थांबली. मार्च २००० मध्ये आलेल्या न्यूटेलाने सूचीच काढून टाकली. हवे ते शेजाऱ्यांना विचारायचे, त्यांनी त्यांच्या शेजाऱ्यांना, असे सात घरांपर्यंत. प्रत्येकाला चार शेजारी धरले तर एका प्रश्नासाठी ४,३७२ निरोप फिरतात, आणि गाणे कदाचित पलीकडच्याच दारी असते! त्याच वर्षी एतान अडार आणि बर्नार्डो ह्यूबरमन यांनी या जाळ्याची पाहणी केली. सुमारे ७० टक्के लोक काहीच देत नव्हते. मिळणाऱ्या उत्तरांपैकी जवळजवळ निम्मी वरच्या एक टक्का यंत्रांकडून येत होती.

येथे आम्हांला शेतीतले दोन शब्द आठवतात. इर्जिक आणि सावड. शेजारीपाजारी आपले बैल-औते घेऊन एखाद्याच्या रानात उतरतात, दिवसात काम उरकतात, आणि यजमान सर्वांना जेवू घालतो, ती इर्जिक. सावडीत मात्र हिशेब असतो. आज तुझ्या शेतावर माझे दोन दिवस, उद्या माझ्या शेतावर तुझे दोन. न्यूटेलाने इर्जिक मांडली, पण जेवून जाणारेच फार आले.

२००१ मध्ये ब्रॅम कोहेन यांनी रचलेले बिटटॉरेंट ही सावड आहे. त्यात फाईलचे लहान तुकडे करतात. ज्याच्याकडे जो तुकडा आला तो त्याने लगेच इतरांना द्यायला लागायचे. फाईल पुरी होण्याची वाट पाहायची नाही. द्यायचे कोणाला? साधारणतः ज्या चौघांकडून आपल्याला सर्वांत वेगाने मिळत आहे त्यांना, आणि हा हिशेब दर दहा सेकंदांनी नव्याने मांडायचा. आता, ज्याच्याकडे अद्याप एकही तुकडा नाही त्या नवागताचे काय? त्याच्यासाठी एक जागा राखलेली असते: दर तीस सेकंदांनी कोणा एकाला, त्याने काही दिलेले नसतानाही, देऊन पाहायचे. गावात नव्याने आलेल्या बिऱ्हाडाला पहिल्या लावणीला हात देतात, तसेच हे. शिवाय, मागताना सर्वांत दुर्मीळ तुकडा आधी मागायचा, म्हणजे एकाने जाळे सोडले तरी तो तुकडा नाहीसा होत नाही. बियाणे जपणाऱ्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावे लागणार नाही.

या हिशेबाने काय साधते? ७०० मेगाबाइटची फाईल शंभर जणांना हवी आहे आणि मूळ संगणक सेकंदाला १० मेगाबिट देऊ शकतो, असे धरू. एकट्याने सर्वांना द्यायची तर साडेपंधरा तास लागतात. शंभर जणांनी फक्त एकेक मेगाबिट परत दिला तर तेच काम तत्त्वतः पाऊण-एक नव्हे पण दीड तासाच्या आत उरकते. एरवी गर्दी वाढली की रांग वाढते. येथे गर्दीबरोबर देणारे हातही वाढतात.

पण देणारा हात मोकळा हवा ना! २००४ च्या धोरणाने सेकंदाला २५६ किलोबिट म्हणजे ब्रॉडबँड अशी व्याख्या केली. ती घेण्याच्या वेगाची होती. टेलिफोनच्या तारेवरील जोडणीत देण्याचा वेग मुळातच तोकडा. महिन्याला मोजकेच मेगाबाइट मिळत. काही योजनांत रात्री दोन ते सकाळी आठपर्यंत मोजदाद नसे, म्हणून लोक संगणक चालू ठेवून झोपत. यूयूसीपीची रात्र अशी परत आली.

जेथे केबलवाल्याची तार गच्चीवरून गच्चीवर जाई, तेथे निराळीच कथा घडली. सगळ्या इमारतींना मिळून बाहेरच्या जगात एकच पत्ता. आतील घरांना खासगी क्रमांक. बाहेरच्याला तुमच्या घरी हाक मारताच येत नसे. मात्र आतल्या आत दोन इमारतींमधला वेग बाहेरच्यापेक्षा कितीतरी पटींनी अधिक. साहजिकच अशा जाळ्यांत आणि आयआयटीसारख्या वसतिगृहांत डीसी++ ची केंद्रे फोफावली. त्यांचा नियम लक्षणीय होता: इतके गिगाबाइट वाटायला मांडा, तरच आत या. काही बहाद्दर निरुपयोगी फाईलींचा ढीग मांडून आत शिरत, ही गोष्ट अलाहिदा.

तळोज्याचे उदाहरण घ्या. सिडकोने १९७० नंतर ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतील गावांची जमीन घेतली. भातखाचरांच्या जागी वसाहती उभ्या राहिल्या. शेजारी आहेत, पण एकाची जोडणी एका कंपनीची तर दुसऱ्याची दुसरीची. अशा दोन शेजाऱ्यांमधला मजकूर पूर्वी परदेशाची वारी करून येई, कारण कंपन्या देशात एकमेकींना थेट भेटतच नव्हत्या. हे टाळण्यासाठी २००३ मध्ये निक्सी ही संस्था निघाली आणि मुंबईतही तिचे केंद्र झाले. बिटटॉरेंटला तरी शेजार कुठे कळतो? त्याला वेग कळतो. २००८ मध्ये येल विद्यापीठातील संशोधकांनी पी४पी ही योजना मांडली: कंपनीनेच जवळचे कोण ते जाळ्याला सांगावे. योजना शहाणपणाची होती, पण तिला कंपन्या आणि लोक यांच्यात विश्वास लागत होता, आणि नेमका तोच नव्हता.

अविश्वासाला कारणही होते. या जाळ्यांतून वाहणारा बराच माल दुसऱ्याच्या कष्टाचा होता. चित्रपट, गाणी आणि पुढे आमच्या मराठी लेखकांची पुस्तकेही. ते आम्ही सावड म्हणून खपवणार नाही. दुसऱ्याच्या रानातले पीक आपापसांत वाटून घेण्याला गावात वेगळा शब्द आहे. तरीही २०१६ च्या ‘ढिशूम’ प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या न्या. गौतम पटेल यांनी दाखवलेला विवेक आम्हांला महत्त्वाचा वाटतो. पडताळणीवाचून सरसकट संकेतस्थळे बंद करण्यास त्यांनी नकार दिला. आणि नुसते पाहणे हाही गुन्हा, असे सुचवणारी सूचना पडद्यावर झळकू लागली तेव्हा, गुन्हा पाहण्यात नसून बेकायदा वितरणात आहे, असे स्पष्ट केले. निर्णय योग्यच. मात्र त्याचा एक अर्थ असाही, की कायद्याच्या दृष्टीने घेणारा निर्धास्त आणि जोखीम सारी देणाऱ्याची. बिटटॉरेंटमध्ये स्वतःची फाईल पुरी झाल्यावरही जो देत राहतो त्याला ‘सीडर’, म्हणजे पेरणारा, म्हणतात. सावड संपल्यावर इर्जिक करणारा तो हाच. त्याने आपले स्वतःचे लेखन किंवा मुक्त सॉफ्टवेअर पेरले तरी लोक त्याच्याकडे संशयानेच पाहू लागले.

मधल्या काळात विद्वानांनी न्यूटेलाचा प्रश्न सोडवून टाकला होता. २००१ चे कॉर्ड आणि २००२ चे कॅडेम्लिया या रचनांत दहा लाख संगणकांतूनही हवी ती नोंद विसेक टप्प्यांत सापडते, तीही मध्यवर्ती सूचीवाचून. पण उत्तर हाती आले तोवर लोकांनी प्रश्नच सोडून दिला. घरबसल्या चित्रपट दाखवणाऱ्या सेवा आल्या. २०२० मध्ये पनवेलजवळ योट्टाचे प्रचंड डेटा सेंटर सुरू झाले, तेही तळोज्यापासून फार दूर नाही. देणाऱ्याची जागा आता अशा वातानुकूलित इमारतींत आहे.

समानांचे जाळे मात्र निमूटपणे एका अनपेक्षित ठिकाणी टिकून आहे. २०१५ च्या विंडोज १० पासून मायक्रोसॉफ्टने नवे तुकडे एका संगणकाने शेजारच्या संगणकाकडून घ्यावेत अशी सोय ठेवली. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत तीस संगणक असतील, तर एकाने बाहेरून आणलेले बाकीचे त्याच्याकडून घेऊ शकतात. त्यांच्यापुढे बसलेल्या मुलांना याची गंधवार्ताही नसते.