शब्दवेध : ग्लायकॉल

भोकरच्या गॅरेजात ट्रॅक्टरच्या रेडिएटरमध्ये ओततात तो हिरवागार कूलंट म्हणजे मुख्यतः पाणी आणि इथिलीन ग्लायकॉल. त्याच्यामुळे भर उन्हातल्या नांगरटीतही पाणी लवकर उकळत नाही. शब्द घडवला फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ वुर्ट्झ यांनी, १८५६ साली. सुरुवात ग्लिसरीनची, शेवट अल्कोहोलचा. कारण हा पदार्थ रचनेने दोघांच्या मधला. मुळाशी ग्रीक ‘ग्लुकुस’, म्हणजे गोड. ग्लुकोजही त्याच घरातला.

आणि ही गोडीच घात करते. इथिलीन ग्लायकॉलपासून पॉलिएस्टरचा धागा होतो, डायइथिलीन ग्लायकॉल रेझिनला, ब्रेक ऑइलला लागतं. पण पोटात गेलं की दोन्हींनी मूत्रपिंडं निकामी होतात. औषधांत चालतं ते वेगळं, प्रॉपिलीन ग्लायकॉल. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात रुग्णांना दिलेल्या ग्लिसरीनमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल निघालं. १४ जण दगावले. न्या. लेंटिन आयोगाने त्याची चौकशी केली. रंगाने, चवीने ते ग्लिसरीनसारखंच. प्रयोगशाळेत तपासल्याशिवाय फरक कळत नाही.

उरलेला कूलंट शीतपेयाच्या बाटलीत भरून ठेवू नका. घरात लेकरं असतात, आणि तो गोड लागतो.