नामावळ आणि कुकी

तुम्ही कुठेतरी 'कोकणात काय कराल' असं काहीतरी वाचता, त्यातल्या स्कूबा डायव्हिंगच्या लिंकवर टिचकी मारता आणि ब्राउझरमध्ये एक कुकी येऊन बसते. पुढच्या तीसेक दिवसांत बुकिंग केलंत की लिंक लावणाऱ्याला साधारण आठ टक्के सुटतात. कुकी जन्मली १९९४ साली, नेटस्केपमध्ये. १९९६ साली अ‍ॅमेझॉनने पुस्तकांसाठी अशी टक्केवारी सुरू केली. आमच्या आयटीवाल्यांना वाटतं, हे सगळं आपलंच डोकं. सदाशिव पेठेत वाढलेला माणूस यावर "त्यात नवीन काय?" असंच विचारणार. सवयच ती :-)

प्रवासी आणून देण्याचे पैसे जुनेच. थॉमस कुकने १८४१ साली लेस्टरहून लफबरोला पाचेकशे माणसं एकेका शिलिंगात आगगाडीने नेली आणि पुढे त्याचाच धंदा केला. १८८६ साली तर सरकारने मुंबईहून हजला जाणाऱ्यांची व्यवस्था त्याच्याच कंपनीकडे सोपवली. असो.

खरा अवघड प्रश्न वेगळाच आहे. गिऱ्हाईक नेमकं कुणाचं, हे ठरवायचं कसं?

आजोबांच्या अस्थी घेऊन मी आणि बाबा नाशिकला रामकुंडावर गेलो होतो. बाबांनी पत्ता सांगितला, सदाशिव पेठ, पुणे ३०. गुरुजी म्हणाले, "तो राहू द्या, मूळ गाव कुठलं?" बाबांनी गुहागरजवळचं गाव सांगितलं. "मग तुम्ही आमचे नाही," म्हणत त्यांनी सोबत एक मुलगा देऊन आम्हाला दुसऱ्या वाड्यात पाठवलं. हातात आलेलं गिऱ्हाईक! तिथल्या लांबलचक नामावळीत पणजोबांची मोडीतली नोंद निघाली.

आमच्या भाषेत हे 'फर्स्ट क्लिक'. लिंकांच्या धंद्यात बहुधा शेवटच्या टिचकीला पैसे मिळतात, इथे पहिल्या पूर्वजाची सही चालते, तीही पिढ्यान्‌पिढ्या. गाव, आडनाव, जात यांवरून यजमान वाटलेले. ही वृत्ती म्हणजे चक्क मालमत्ता. भावाभावांत तिच्या वाटण्या होत, ती गहाण पडे, भांडणं कोर्टात जात. रेल्वे आल्यावर तर स्टेशनापासूनच "आडनाव काय, गाव कुठलं?" सुरू झालं.

यात यजमानाला पर्याय कुठे होता, असं कुणी म्हणेल, आणि ते खरंच आहे. पंढरपुरात बडवे-उत्पातांचे वंशपरंपरागत हक्क काढायला १९७३ साली कायदा करावा लागला. सर्वोच्च न्यायालयात त्याचा निकाल लागायला २०१४ उजाडलं.

पण मला नामावळीतली एक गोष्ट पटते. उपाध्यायाला माहीत असतं की याचा नातू येणार आहे. आज लुबाडलं तर उद्या तोंड दाखवायचं आहे. तीस दिवसांच्या कुकीला नातू नसतो. म्हणून न पाहिलेल्या तंबूंची, न केलेल्या राफ्टिंगची तोंड भरून स्तुती करून लिंक चिकटवता येते. २०२१ पासून जाहिरात परिषदेच्या नियमांनुसार 'यात माझा आर्थिक संबंध आहे' हे सांगावं लागतं. नाशिकच्या वाड्यात ते वेगळं सांगायची गरजच नव्हती, दक्षिणा समोरच ठेवलेली होती.

निघताना गुरुजींनी नामावळीत माझीही सही घेतली. खाली मोबाइल नंबर लिहायला सांगितला.