नागपूरची मध्यरात्र आणि तुमची चेक-इन बॅग

मंडळी, या शनिवारचा विषय जरा जड आहे. साधारण २३ किलो :-)

विमानप्रवासातली चेक-इन बॅग. काउंटरवर ठेवली की ती रबरी पडद्याआड जाते आणि पलीकडच्या गावी दुसऱ्या पट्ट्यावरून फिरत येते. मधे काय होतं याचा विचार आपण बॅग आली नाही तरच करतो. गेले काही आठवडे मी याचा इतिहास वाचतोय आणि माझं मत असं झालंय की बॅग उडताना हरवत नाही, ती विमान बदलताना हरवते. आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर बग मॉड्यूलमधे नसतो, इंटरफेसवर असतो.

आणि या 'बदली'चा एक भन्नाट प्रयोग आमच्याच भागात झालाय. आमचं गाव आसगाव, पवनी तालुका, जिल्हा भंडारा. धानाची शेती, जवळून वाहणारी वैनगंगा. विमान म्हणजे आकाशातली रेघ. पण तिथून दोन-अडीच तासांवर नागपूरचं सोनेगाव विमानतळ आहे, आणि १९४९ साली तिथे रोज मध्यरात्री जत्रा भरायला लागली.

रफी अहमद किदवई तेव्हा दळणवळण मंत्री होते. ३० जानेवारी १९४९ ला रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास इथून रात्री एकेक विमान निघायचं. चारही विमानं मध्यरात्रीनंतर नागपूरला उतरायची, टपालाच्या पोत्यांची अदलाबदल व्हायची आणि पहाटेपर्यंत ज्याची टपाल त्याच्या शहरात. सोबत प्रवासीही असायचे, दिवसाच्या विमानापेक्षा स्वस्तात. म्हणजे त्यांच्या पेट्याही आल्याच.

गणित बघा. चार शहरं, प्रत्येकाचे बाकी तिघांसाठी तीन ढीग, एकूण बारा ढीग. संगणक नाही, बारकोड नाही, हमाल आणि कंदिलाच्या उजेडात वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरातलं लेबल (कंदील माझ्या मनचा हं!). हे जमण्यासारखं होतं त्याचं कारण मला असं वाटतं की चारही विमानं एकाच वेळी, एकाच मैदानात, नजरेसमोर उभी. अमेरिकेत फेडेक्सने हीच कल्पना मेम्फिसला १९७३ च्या एप्रिलमधे सुरू केली आणि मॅनेजमेंटच्या पुस्तकात 'हब अँड स्पोक' म्हणून ती गाजली. नागपूरला त्याच्या २४ वर्षं आधी ते रोज रात्री चालू होतं. पण आपण केस स्टडी लिहीत नाही ना... असो. मिहान प्रकल्प म्हणजे तेच स्वप्न पुन्हा, हेही जाता जाता.

आता लेबलकडे वळू. दोन तुकड्यांचं कुपन, एक सामानावर आणि एक प्रवाशाच्या हातात, ही कल्पना रेल्वेची. कॅनडातल्या मॉन्क्टनच्या जॉन मायकेल लायन्सने १८८२ साली तिचं पेटंट घेतलं. १९२९ च्या वॉर्सा कराराने 'बॅगेज चेक' हा कायदेशीर कागद केला आणि भरपाई किलोवर मोजली. त्या कराराच्या लेखी तुमची आई घालून देते ते लोणचं आणि तुमचा कॅमेरा, वजन सारखं असेल तर किंमतही सारखी होती!

आजच्या टॅगवर दहा आकडे असतात. पहिला टॅगचा प्रकार सांगतो, पुढचे तीन विमान कंपनीचे (एअर इंडियाचे ०९८), शेवटचे सहा अनुक्रमांक. गंमत म्हणजे त्यात तुम्ही कुठेच नाही. कुठे जायचंय, कोणतं विमान, मालक कोण, हे सगळं वेगळ्या संदेशातून जातं. त्याला 'बॅगेज सोर्स मेसेज' म्हणतात आणि त्याचा ढाचा अजून टेलिप्रिंटरच्या काळातलाच आहे. टॅग म्हणजे नुसता पॉइंटर. संदेश पोचला नाही तर बॅग समोर असूनही अनाथ.

माझा चुलतभाऊ पहिल्यांदा अमेरिकेला निघाला तेव्हा हे सगळं मी आसगावला मोठ्याईला समजावून सांगत होतो. मिरची पूड आणि पापड भरलेली बॅग नागपूरला द्यायची ती थेट तिकडे घ्यायची, मधे दोन विमानं बदलतात. ती म्हणाली, "मंग आपली पेटी कोनाच्या भरोशावर जाते बापा?"

या प्रश्नाचं सगळ्यात भयंकर उत्तर जगाला १९८५ मधे मिळालं.

२२ जून १९८५, व्हँकुव्हर. 'एम. सिंग' नावाच्या प्रवाशाचं टोरांटोपर्यंतचं तिकीट पक्कं होतं, पुढे एअर इंडियाच्या विमानात नव्हतं. तरी बॅग थेट दिल्लीपर्यंत टॅग करा असा त्याचा हट्ट. काउंटरवरच्या बाईंनी आधी नकार दिला. तो हुज्जत घालत राहिला, मागे रांग वाढत होती, शेवटी त्यांनी टॅग लावला. तो स्वतः विमानात बसलाच नाही. बॅग मात्र टोरांटोला गेली आणि तिथे एअर इंडियाच्या विमानात चढली. त्या दिवशी टोरांटोचं क्ष-किरण यंत्रही मधेच बंद पडलं होतं. २३ जूनला 'कनिष्क' आयर्लंडजवळ समुद्रावर फुटलं. ३२९ माणसं गेली. ते विमान पुढे दिल्लीहून मुंबईला यायचं होतं.

त्याच्या तासभर आधी व्हँकुव्हरहूनच निघालेली दुसरी बॅग टोकियोच्या नारिता विमानतळावर फुटली. तीही मालकाविना, तीही एअर इंडियाच्या दुसऱ्या विमानासाठी. तिथे दोन जपानी सामान-कामगार मेले. विमानातून विमानात बॅगा हलवण्याचं काम करणारी माणसं. या प्रकरणात त्यांचा उल्लेख नेहमी एका वाक्यात उरकतात, म्हणून मुद्दाम वेगळं लिहितोय.

यानंतर जगभर नियम कडक होत गेला: प्रवासी नाही तर बॅग नाही. प्रवाशांची यादी आणि बॅगांची यादी जोडायची, मालकाच्या रकान्यात 'नल' आलं की बॅग खाली. क्वेरी दोन ओळींची, पण ती कुणी चालवली नव्हती त्याची किंमत ३२९.

भारतात आपण ही क्वेरी बरीच वर्षं हाताने चालवली. जुन्या प्रवाशांना आठवेल, विमानाच्या शिडीजवळ बॅगा मांडलेल्या असायच्या. आपण जाऊन आपल्या बॅगेवर बोट ठेवायचं, मग ती आत. उरलेली तिथेच राहायची. उन्हात लोक वैतागायचे. मला ती पद्धत अजूनही आवडते, कारण तिच्यात फसायला जागा फार कमी.

उलट टोक बघायचं तर डेन्व्हर. तिथल्या संपूर्ण स्वयंचलित सामान-यंत्रणेने विमानतळाचं उद्घाटन १६ महिने लांबवलं (अखेर २८ फेब्रुवारी १९९५), आणि २००५ मधे ती गुंडाळली. पण मला जास्त झोंबतो तो हीथ्रोचा टर्मिनल ५, २७ मार्च २००८. चाचणीच्या वेळी खरे संदेश इकडेतिकडे जाऊ नयेत म्हणून एक फिल्टर लावला होता. उद्घाटनाच्या दिवशी तो काढायचा राहिला. त्यामुळे दुसऱ्या कंपन्यांच्या विमानांतून बदलून येणाऱ्या बॅगांचे संदेशच पोचेनात. इतर गोंधळही होतेच, पण हजारो बॅगा मागे राहिल्या. शुक्रवारी संध्याकाळी रिलीज करणाऱ्या मंडळींनी इथे दोन मिनिटं शांतता पाळावी.

तेव्हापासून सुधारणा झालीय हे मान्य करायला हवं. सिटा या संस्थेच्या आकड्यांनुसार २००७ मधे दर हजार प्रवाशांमागे सुमारे १९ बॅगा चुकायच्या, २०२३ मधे ६.९. जून २०१८ पासून आयाटाचा नियम आहे की बॅगेची नोंद चार ठिकाणी व्हायलाच हवी: घेताना, चढवताना, बदलताना, परत देताना. तरी २०२३ मधे उशिरा पोचलेल्या बॅगांपैकी जवळजवळ निम्म्या विमान बदलतानाच अडकल्या होत्या.

चुलतभावाची बॅग दोन दिवस उशिरा मिळाली होती, पापडांचा भुगा होऊन. आंतरराष्ट्रीय प्रवासात बॅग फुटली तर ७ दिवसांत आणि उशिरा मिळाली तर मिळाल्यापासून २१ दिवसांत लेखी तक्रार करावी लागते, हे त्याला तेव्हा कळलं. आता दिवाळीला तो येतोय, दिल्लीमार्गे नागपूर. दिल्लीला कस्टमसाठी बॅग आपणच उचलायची आणि पुन्हा द्यायची, म्हणून मी त्याला मधे चार तास ठेव म्हटलं. तो दोन तासवालं विमान बघतोय. हजार रुपये वाचतात म्हणे.