पुरानंतरची वीज : आधी मेगर, मग मेन स्विच

बदलापूर आणि वांगणी या स्थानकांदरम्यान उल्हास नदीच्या परिसरात चामटोली हे गाव आहे. २७ जुलै २०१९ रोजी रुळांवर पाणी आल्याने महालक्ष्मी एक्स्प्रेस येथे अडकली आणि एक हजारांहून अधिक प्रवाशांची सुटका करावी लागली. अशा पुराचे पाणी ओसरते, भिंती वरून कोरड्या दिसतात. मात्र प्लगच्या खोबणीत आणि वायरिंगच्या पाइपात ओल व गाळ तसाच राहतो. अशा वेळी चाचणी न करता मेन स्विच चालू करणे जिवावर बेतू शकते.

वायरवरील रोधक आवरण शाबूत आहे की नाही, हे 'मेगर' या उपकरणाने समजते. इंग्लंडमध्ये १९०३ साली नोंदवलेले हे व्यापारी नाव पुढे उपकरणाचेच नाव होऊन बसले. घरगुती २३० व्होल्टच्या वायरिंगसाठी मेगर ५०० व्होल्टचा एकदिश दाब देतो आणि रोध मेगओहममध्ये दाखवतो. हा रोध किमान १ मेगओहम असावा लागतो. चांगल्या, कोरड्या वायरिंगचे वाचन त्याहून पुष्कळ अधिक येते.

ही चाचणी परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावी. ती करताना पुढील काळजी आवश्यक आहे :

* मेन स्विच बंद करून फेज व न्यूट्रल दोन्ही तोडावेत. न्यूट्रल रोहित्रापाशी जमिनीला जोडलेली असल्याने ती तोडली नाही, तर वाचन चुकते.

* इन्व्हर्टर आणि सौर यंत्रणाही विलग करावी. मेन स्विच बंद असूनही त्यांच्याकडून वायरिंगमध्ये वीज येऊ शकते. वीज नाही, याची टेस्टरने खात्री केल्याखेरीज मेगर जोडू नये.

* टीव्ही, एलईडी दिवे, संगणक, फ्रिज सोडवून ठेवावेत. ५०० व्होल्टच्या दाबाने त्यांतील नाजूक भाग निकामी होतात.

* मेगरच्या वायरी तुटक्या नसाव्यात. पाण्यात उभे राहून किंवा गॅसचा वास येत असताना चाचणी करू नये.

* चाचणी चालू असताना घरातील कोणीही स्विच अथवा उघड्या वायरीला हात लावू नये. मेगरचा प्रवाह अल्प असला, तरी शिडीवरील माणूस दचकून पडू शकतो.

* फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ आणि फेज-न्यूट्रल अशी तिन्ही वाचने घ्यावीत.

* चाचणीनंतर वायरीत साठलेला विद्युतभार पूर्ण उतरवूनच हात लावावा. लांब केबल व मोठ्या मोटारींच्या बाबतीत हा भार धोकादायक ठरतो.

वाचन कमी आले, तर वीज सुरू करण्याची घाई करू नये. एकेक सर्किट वेगळे करून दोष शोधावा, भिजलेले स्विच व प्लग बदलावेत, वायरिंग वाळू द्यावे आणि पुन्हा मोजावे. पाण्यात बुडालेल्या पंपाच्या मोटारीलाही हाच नियम लागू आहे. आरसीसीबी बसवलेला असला, तरी तो या चाचणीला पर्याय नव्हे. गळती सुरू झाल्यावर तो वीज तोडतो. मेगर मात्र वीज देण्याआधीच दोष दाखवतो.

वायरमनने 'सगळे ठीक आहे' असे सांगितले, तरी प्रत्येक सर्किटचे वाचन तारखेसह लिहून घ्यावे. पुढील पावसाळ्यात आकडा किती घसरला, हे त्यावरूनच कळेल.