देवाणघेवाण

आमच्या गावाचा अभिमान बाळगणं म्हणजे मोठी पंचाईत. अहमदाबादचे व्याही आले की हटकून विचारतात, "तुमच्या औरंगाबादचं मोठं माणूस कोण हो?" (गावाचं नाव २०२३ साली बदललं, व्याह्यांची सवय नाही.) डोळ्यांसमोर अर्थातच औरंगजेब!

"तो तुमचा," मी म्हणालो. "जन्म १६१८ सालचा, दाहोदचा. १७०७ साली वारला अहमदनगरला. आमच्या वाट्याला खुलताबादची कबर तेवढी आली. आमचा माणूस म्हणजे वली! इथल्या दखनी बोलीत गझला लिहिल्या पठ्ठ्यानं. दिल्लीच्या शायरांचं फारसीशिवाय पान हलत नसे. १७२० च्या सुमारास वलीचा दीवान तिथं पोचला, आणि तेही बोलीत लिहायला लागले. तोसुद्धा १७०७ सालीच गेला, तुमच्या अहमदाबादेत. बादशहा आमच्याकडे, शायर तुमच्याकडे. फिट्टंफाट!"

व्याही हसले नाहीत.

"पुढच्या खेपेला कबर दाखवा बुवा त्याची."

"नाही हो ती आता," बिस्कीट चहात बुडवत ते म्हणाले. "२००२ च्या दंगलीत पाडली. वरून डांबरी रस्ता झाला. स्कूटर त्याच्यावरूनच जाते माझी."

बिस्कीट मोडून चहात पडलं. दोघंही चमच्यानं ते शोधत बसलो.